एकाच सकाळी दोन शेड

तेवीस वर्षं डुकरांना लस टोचून टोचून तिचं खरं नाव घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे तिला सुईबाईच म्हणत. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन दिवसभर खडखडत असायचं, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तो हमखास ऐकवायचा, "आमचं दोघांचंही पोट सुईवर. फरक इतकाच, माझं कापड किंचाळत नाही."

सुईबाई कामाला चोख. कुठल्या डुकरिणीला कानामागे नेमकं कुठे टोचलं तर ती फार हिसका देत नाही, हे तिला नुसता हात लावून कळायचं. जनावरांच्या दवाखान्यात नव्याने लागलेल्या मुलींना डॉक्टरीणबाई तिच्याच हाताखाली पाठवायच्या, आणि त्या मुलींच्या डोक्यात ती पहिल्या दिवशीच एक गोष्ट पक्की बसवायची: एका सकाळी एकच शेड. ती झाली की सरळ घर गाठायचं, आंघोळ करायची, कपडे उकळायचे, गमबूट औषधी पाण्यात बुडवून ठेवायचे. दुसरी शेड दुसऱ्या दिवशी. "डुकरांचा ताप काही आपल्या पायांनी चालत येत नाही," ती म्हणायची, "आपणच त्याला अंगाखांद्यावरून नेतो."

तो नियम तिने स्वतः मोडला, एका सोमवारी.

त्या दिवसांत नदीपलीकडच्या तीन शेडमध्ये ताप निघाला होता. हा ताप माणसाला काही करत नाही, पण डुकरांत शिरला की बघता बघता शेड रिकामी होते. औषध त्याच्यावर नाही. लस आधी पोचली तर जनावर वाचतं, आणि लस तर हवी तेवढी येतच नव्हती. दवाखान्याच्या फाटकाबाहेर सकाळपासून डुक्करवाले ताटकळत उभे असत. सुईबाईची धाकटी बहीणही त्यांच्यातलीच. धाकटीचा नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिना महिना घरी नसायचा, आणि शेडचं सगळं ती एकटी बघायची. दोन आठवडे ती रोज फोन करत होती.

"ताई, माझा नंबर कधी?"

"यादीप्रमाणे येईल तेव्हा."

"सख्ख्या बहिणीलाही यादी?"

"सख्ख्या बहिणीला तर आधी यादी. नाहीतर लोक माझी चटणी करतील."

सोमवारी यादीत नाव होतं मास्तरांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून मास्तरांनी डुकरं पाळायला घेतली होती. शेडच्या भिंतीवर त्यांनी खडूने प्रत्येक जनावराची जन्मतारीख लिहून ठेवली होती आणि डुकरांनाही ते 'रांगेत या' असंच म्हणत. बावीस जनावरं. सुईबाईने आठच्या ठोक्याला बाटली फोडून लस कालवली. बाटलीत पन्नास डोस असतात. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची.

एकवीस जणांना टोचून झालं. बाविसावी डुकरीण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढ्यातलं खाणं तसंच होतं.

"हिला काय झालं मास्तर?"

"व्यायला झालीय. आज-उद्याची गोष्ट. मागच्या वेळीही असंच केलं होतं हिने, दोन दिवस तोंड फिरवून बसली होती."

सुईबाई खाली बसली. डुकरिणीच्या डोळ्यांच्या कडांना चिकट काहीतरी होतं. बाळंतपणाच्या वेळी कुणाचे डोळे चिकटतात का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. थर्मामीटर पिशवीत तळाशी होता. तो काढायचा, लावायचा, थांबायचं, म्हणजे पाच मिनिटं. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेनऊ. बाटलीत एकोणतीस डोस उरले होते.

"हिला आज टोचत नाही," ती म्हणाली. "व्याली की कळवा."

बाहेर येऊन तिने गमबूट बादलीत बुडवले, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, सुई बदलली. नेहमीप्रमाणे उरलेली लस जंतुनाशकात ओतायला तिने बाटली उचलली, आणि तिचा हात थबकला. एकोणतीस डोस. फाटकाबाहेरची ती गर्दी, सकाळी सकाळी हात जोडणारी माणसं. धाकटीची शेड इथून सायकलने दहा मिनिटांवर. तिने बाटली परत बर्फाच्या पेटीत ठेवली.

धाकटीकडे नऊ डुकरिणी, एक नर आणि तेहतीस पिलं. दहा मोठ्यांना टोचून एकोणीस डोस राहिले, ते पहिल्या दोन कप्प्यांतल्या पिलांना पुरले. फाटकाजवळच्या तिसऱ्या कप्प्यातली चौदा पिलं तशीच राहिली.

"यांचं काय?" धाकटीने विचारलं.

"पुढच्या खेपेला."

"पुढची खेप कसली, शुक्रवारी पिलं विकत घेणारा गाडीवाला सगळी घेऊन जाणार आहे." धाकटी हसली आणि बहिणीच्या गळ्यात पडली. "असू दे गं. एवढं केलंस तेच खूप झालं."

सुईबाई घरी परतली ती खुशीतच.

बुधवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. त्यांचा आवाज एरवी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्या दिवशी तो कसाबसा ऐकू आला.

"बाई, ती व्याली नाही. कान निळे पडलेत तिचे. आणि दुसऱ्या चौघी एकमेकींच्या अंगावर पडून आहेत, उठवलं तर मागचे पाय लटपटतात."

सुईबाई ताडकन उठली. "शेडबाहेर पडू नका," ती म्हणाली. "कुणाला आत घेऊ नका. मी मॅडमना कळवते."

डॉक्टरीणबाई तासाभरात मास्तरांच्या शेडवर पोचल्या. वयाने सुईबाईपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पण कामात कुणाची गय करणाऱ्या नव्हेत. त्यांनी रक्ताचे नमुने घेतले, फाटकाला साखळी घातली, रस्त्याच्या तोंडाशी चुन्याची रेघ ओढली. सुईबाईला त्यांनी रेघेच्या अलीकडेच उभं केलं आणि गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून एकेक विचारायला लागल्या. लस किती वाजता कालवली, किती जणांना दिली, ही डुकरीण तेव्हा कशी होती.

"खात नव्हती," सुईबाई म्हणाली. "डोळे जरा चिकट होते."

"ताप पाहिलात?"

"नाही मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. नुसतं लिहिलं. "आणि इथून कुठे गेलात?"

उत्तर द्यायला सुईबाईला फार तर एक श्वासभर वेळ लागला असेल. तेवढ्यात तिला धाकटीची शेड दिसली, फाटकाला अशीच साखळी, दारात अशीच चुन्याची रेघ. आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर कुजबुजणारी माणसं: बघा, बहिणीला यादी सोडून दिली, आणि वर तापही दिला.

"घरी," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहिलं आणि खाली सही घेतली.

घरी आल्यावर ती चहाचा कप पुढ्यात ठेवून बसून राहिली. शिंप्याने एक-दोनदा मशीन थांबवून तिच्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांत बायको कामावरून येऊन गप्प बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. आल्या आल्या डुकरांच्या नकला करून दाखवणारी बाई ती.

"काय बिघडलंय?"

"काही नाही."

"काही नाही असं तोंड असतं होय?"

तिने सगळं सांगितलं. शिंपी ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "तिकडे लस दिलीस ना पण? मग झालं तर. लागणार कसा ताप?"

"लस काय बटण आहे का, दाबलं की लागला दिवा? चार-पाच दिवस जातात ती अंगात भिनायला. तोवर ताप पोचला तर ताप पुढे, लस मागे. आणि तिसऱ्या कप्प्यातल्या चौदांना तर तीही नाही."

"आणि शुक्रवारी गाडी," शिंपी हळूच म्हणाला.

शुक्रवारची गाडी. ती बोलून दाखवायची हिंमत तिला होत नव्हती. गाडीवाला ती तेहतीस पिलं एका ठिकाणी थोडीच नेणार? दोन इथे, पाच तिथे, दहा आणखी कुठे, अशी वाटत जाणार. आठ-दहा शेड. त्यांतल्या कित्येक अजून लस न मिळता यादीतच होत्या.

गुरुवारी सकाळी तिने धाकटीला फोन लावला. स्वतः जायची सोय नव्हती. पुन्हा त्या शेडकडे पाऊल टाकायची तिला भीतीच वाटत होती.

"गाडी एक आठवडा पुढे ढकल," ती म्हणाली. "लस नीट लागू दे."

"ढकलू कशी? त्याला महिन्यापूर्वी शब्द दिलाय. आता नाही दिली तर पुन्हा तो माझ्या दाराशी थांबेल का?" मग धाकटी म्हणाली, "ताई, तुझा आवाज असा का येतोय?"

मग सुईबाईने सांगून टाकलं. मास्तरांची डुकरीण, चिकट डोळे, न लावलेला थर्मामीटर. पलीकडे पिलांचा कालवा ऐकू येत होता.

"माझी सगळी ठणठणीत आहेत," धाकटी म्हणाली. "आत्ताच खाऊन बसलीत. तू हे कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग नको सांगूस. ताई, ऐक माझं. तू सांगितलंस तर मला कुलूप लागेल, तुझी नोकरी जाईल, आणि निघेल काय? काहीच नाही. उगीच अंगावर का ओढून घ्यायचं?"

"आणि निघालं तर?"

"निघालं तर तेव्हा बघू."

फोन ठेवल्यावर सुईबाईने दिवसभर स्वतःची समजूत घातली. गमबूट बुडवले होते. हात धुतले होते. सुई बदलली होती. एप्रन तेवढा तोच होता, आणि एप्रनला मास्तरांच्या डुकरिणीचं नाक लागलं होतं का, हे ती पुन्हा पुन्हा आठवून बघत होती. एकदा आठवायचं की लागलं होतं, एकदा वाटायचं छे, मी तर मागच्या बाजूला बसले होते. तिने तो एप्रन दोन वेळा उकळला होता. तरी दोरीवर वाळत घातलेल्या त्या एप्रनकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मास्तरांनी फोन करून सांगितलं, ती डुकरीण गेली, आणखी तीन जणी गेल्या. "मी भिंतीवरच्या तारखा पुसतोय बाई," ते म्हणाले. "उरलेल्यांसमोर बरं दिसत नाही."

गाडी दहाला येणार होती. साडेआठला सुईबाई उठली, चपला घातल्या, आणि शिंप्याला म्हणाली, "जाऊन येते."

"दवाखान्यात?"

"हो."

"मी येऊ?"

"तुम्ही येऊन काय करणार, मॅडमच्या बाह्या आखूड करून देणार?" ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून काहीतरी तिच्यासारखं निघालं. तो तरीही कोपऱ्यापर्यंत सोबत चालत गेला.

डॉक्टरीणबाई टेबलाशी उभ्यानेच फोनवर बोलत होत्या. सुईबाई दाराशी थांबली. फोन संपताच ती एका दमात बोलून मोकळी झाली, मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"मॅडम, सोमवारी मी घरी गेले नाही. बहिणीच्या शेडवर गेले होते. उरलेले डोस तिला दिले. परवा मी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि तिच्याकडून आज दहा वाजता तेहतीस पिलं बाहेर जायची आहेत, त्यांतली चौदा बिनलसीची."

डॉक्टरीणबाई रागावतील, फाडून खातील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून पाच मिनिटं. ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "जुन्यावर खाडाखोड नको. नवा भरा. मी गाडी काढते. भरलात की मागे बसा, पण तिथे खाली उतरायचं नाही."

त्या पोचल्या तेव्हा गाडीवाला वेळेआधीच येऊन टेकला होता. मागची फळी खाली सोडलेली, आणि तिसऱ्या कप्प्यातली चौदाच्या चौदा पिलं आत चढवून झाली होती. धाकटी दुसऱ्या कप्प्याचं दार उघडत होती. दवाखान्याची जीप बघून तिचा हात दारावरच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. पिलं खाली घ्या. गाडी धुवून निघेपर्यंत कुठे जाणार नाही. तीन आठवडे फाटक बंद. गाडीवाल्याने आधी हुज्जत घातली, मग 'ताप' हा शब्द कानावर पडताच तो स्वतःच दोन पावलं मागे सरला. पिलं चीत्कारत, एकमेकांना ढुशा देत फळीवरून खाली आली. सुईबाई काचेआडून एकेक मोजत होती. चौदा. एकही खोकत नव्हतं, एकही लटपटत नव्हतं. तिच्या मनात आलं, देवा, ही सगळी धडधाकट असली तर धाकटी जन्मभर मला माफ करणार नाही. आणि लगेच दुसरं मनात आलं, नसली तर?

धाकटी जीपपाशी आली. काच खाली होती.

"झालं तुझं समाधान?"

"अगं, ऐक..."

"ताई, तू आता माझ्या दारात उभी राहू नकोस. गाडीत बसून पण नको."

मास्तरांच्या नमुन्यांचा निकाल त्याच संध्याकाळी आला. तोच ताप. मास्तरांच्या शेडमधली उरलेली सगळी जनावरं मारावी लागली. त्यांच्यापर्यंत लस पोचली खरी, पण ताप आधीच पोचला होता. सुईबाईला तीन आठवडे कामावर येऊ नका, कुठल्याही शेडच्या आसपास फिरकू नका, असा लेखी हुकूम मिळाला. पुढचं काय ते नंतर ठरायचं होतं. आजूबाजूच्या शेडना लस टोचायला दोन नव्या मुली जायला लागल्या, तिने शिकवलेल्याच. त्या तिला फोन करून विचारायच्या, बाई, नर जवळ येऊच देत नाही, काय करू? ती घरात बसून फोनवर सांगायची, डावीकडून जा, आधी पाठ खाजव.

धाकटीने रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जनावराचा ताप मोजून दवाखान्यात कळवायचा, असं ठरलं होतं. डुकराचं अंग मुळातच गरम, एकोणचाळीस-साडेएकोणचाळीस अंश सेल्सियसपर्यंत काळजी नसते. चाळीसच्या वर गेलं की काळजी. सुईबाई दर संध्याकाळी सहा वाजता डॉक्टरीणबाईंना फोन करायची. खरं तर त्यांनी सांगायला नको होतं, पण त्या सांगायच्या.

"सगळी चाळीसच्या आत."

"तिसरा कप्पा पण?"

"तिसरा कप्पा पण."

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी आठवडा भरला. नवरा तिला बटणं लावायला द्यायचा. ती एका शर्टाला सात बटणं लावून मोकळी झाली, सहाच्या जागी, आणि सातवं कुठे बसवलंय हे त्याने दाखवलं तेव्हा दोघंही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावरच विझलं. लसवाल्या एकोणतीस जणांची धास्ती आता जरा कमी झाली होती. सात दिवस म्हणजे लसीने अंगात पाय रोवले असणार. पण त्या चौदांसाठी दिवस जितके जात तितकी तिची धाकधूक वाढत होती. ताप दोन-दोन आठवडे दबा धरून बसतो, हे तीच तर मुलींना शिकवायची.

मंगळवारी संध्याकाळी सुईबाईने विचारायच्या आधीच डॉक्टरीणबाई बोलल्या.

"एक पिलू. चाळीस पूर्णांक आठ."

"तिसऱ्या कप्प्यात?"

"हो."

"मॅडम, एखादं पिलू असंही गरम असतं. भांडलं असेल, धावलं असेल..."

"असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी पाच पिलं कोपऱ्यात एकावर एक चढून पडली होती, भर उन्हाची वेळ असून थंडी वाजल्यासारखी. गुरुवारी नमुन्यांचा निकाल आला. चौदाही पिलं त्याच दिवशी मारली, चुना टाकून पुरली. धाकटीने एकटीने ती एकेक करून बाहेर काढून दिली. तिचा नवरा दोन दिवसांच्या वाटेवर लांब होता, आणि बहिणीला बोलवायची सोय नव्हती. हे सगळं सुईबाईला नव्या मुलींपैकी एकीने सांगितलं. "रडल्या नाहीत हो त्या," मुलगी म्हणाली. "प्रत्येक पिलाला नुसतं चल, चल म्हणत होत्या."

सुईबाई मात्र रडली, मोरीचं दार लावून, नळ सोडून.

आता सगळा जीव उरलेल्यांवर टांगला होता. नऊ डुकरिणी, नर आणि एकोणीस पिलं. मधली भिंत कंबरेएवढी, हवा तीच, पाण्याची पन्हळ तीच. सुईबाईने कॅलेंडरवर खुणा करायच्या सोडून दिल्या. शिंप्याने एक दिवस तिला स्पष्टच विचारलं, "तुझी लस चांगली होती ना? थंड होती ना?"

"होती."

"वेळेत टोचलीस?"

"पावणेदहाला शेवटची. वेळेत."

"मग तिला तिचं काम करू दे."

नर दोन दिवस चाळीसच्या उंबरठ्यावर घुटमळला आणि खाली आला. तेवढंच. नमुने दोनदा तपासले, दोन्ही वेळा स्वच्छ. तीन आठवडे उलटून वर आणखी काही दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतः जाऊन धाकटीच्या फाटकाची साखळी काढली. गाडीवाल्याच्या वाटेवरच्या शेडपैकी एकीतही ताप निघाला नाही. सुईबाईला लेखी ताकीद मिळाली, वर्षभर कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायची अट पडली. नोकरी राहिली.

धाकटी तिच्याकडे आली ती साखळी निघाल्याच्या पाचव्या दिवशी. केस ओले, अंगावर घडी मोडलेली नवी साडी. शिंप्याने तिला बघताच मशीन बंद केलं आणि दोरा आणायच्या निमित्ताने बाहेर सटकला. धाकटी मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. सुईबाईने पाणी दिलं. ते ती प्यायली, रिकामा पेला हातातच धरून ठेवला.

"ताई, एक सांगायचंय. तू आधी ओरडू नकोस."

"बोल."

"तू आलीस त्याच्या आदल्या शनिवारी मी मास्तरांकडून वजनकाटा आणला होता. पिलं विकायची होती ना, म्हणून. त्यांच्या शेडमधूनच उचलला, तसाच. तिसऱ्या कप्प्यात ठेवला. चौदाही पिलं त्याच्यावर चढवली मी, बाकीच्यांचं वजन राहूनच गेलं."

सुईबाईने बोटांवर दिवस मोजले. शनिवार. म्हणजे ती जायच्या दोन दिवस आधी. कितीतरी दिवस तिने त्या एप्रनचा एकेक सेंटिमीटर मनात धुतला होता.

"तुला कधी लक्षात आलं हे?"

"तू गुरुवारी फोन केलास तेव्हाच."

"तेव्हाच?" सुईबाईचा आवाज चढला. "आणि मला म्हणालीस सांगू नकोस?"

"घाबरले मी." धाकटीने मान खाली घातली. "मला वाटलं, तू सांगितलंस तर ते काट्यापर्यंत येतील. मग तू सांगितलंस, आणि सगळे तुझ्यावरच घसरले. मग मला वाटलं, आता बोलून काय उपयोग."

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. सुईबाईला वाटला तो नुसता राग. उठून हिच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, लहानपणी वाजवायची तशी. मग तिला दिसलं की पेला धरलेले धाकटीचे हात चुन्याने उलून गेलेत, नखांच्या कडांना रक्त साकळलंय. तिने पेला काढून घेतला.

"माझ्यामुळे की तुझ्यामुळे, ते आता कुणालाच कळायचं नाही," ती म्हणाली. "दोन्ही असेल. पण उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येतेस."

"आता? सगळं निस्तरलं की."

"काटा पुढे कुणाला दिलास का?"

धाकटी दचकली. "नाही. माझ्याकडेच आहे. पण माझ्यानंतर टेकडीवरची बाई मागत होती."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि कोरा फॉर्म काढला. धाकटी सांगत गेली: शनिवार, दुपारी चारच्या सुमारास, स्वतःच्या हाताने, न धुता. एकदा तिचा आवाज गेला तेव्हा सुईबाईने टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. काटा त्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात आणून धुवून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत फाटकावर सूचना लागली की एका शेडची कुठलीच वस्तू दुसऱ्या शेडमध्ये न्यायची नाही, काटा नाही, बादली नाही, दोरखंडसुद्धा नाही.

तिथून निघून दोघी रस्त्याने चालत राहिल्या. वाटेत मास्तरांची शेड लागली. दारं सताड उघडी, आत नुकतीच पांढरी केलेली भिंत, आणि मास्तर शिडीवर चढून छताचे वासे खरवडत होते. त्यांनी वरूनच हात केला. पुन्हा डुकरं आणणार की नाही, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या दोघी पुढच्या महिन्यात व्यायच्या आहेत," थोडं पुढे गेल्यावर धाकटी म्हणाली. "त्या पिलांना लस कधी?"

"आईची लस दुधातून मिळते आधी. सात-आठ आठवड्यांची झाली की."

"तू येशील?"

"यादीत असशील तर. आणि माझ्याबरोबर एक मुलगी असेल, मी नीट काम करते की नाही बघायला."

"येऊ दे," धाकटी म्हणाली. "दोघींना चहा देईन. फाटकाबाहेर."